'युजर एरर' नावाची पळवाट

आयटीतल्या प्रत्येकाकडे एक खिडकीचा किस्सा असतो. फोनवर सांगितलं, "विंडो बंद करा," आणि समोरचा माणूस उठून खोलीची खिडकी लावून आला. हा किस्सा मी आजवर चार जणांकडून ऐकलाय आणि चौघंही शपथेवर सांगतात की तो त्यांच्याच बाबतीत घडला. एकाचा ग्राहक नगरचा, एकाचा लातूरचा, एकाचा थेट नाशिकच्या कोर्टातला. मी सहा वर्षं हेच काम करतोय. माझ्या बाबतीत कुणी खिडकी लावलेली नाही. तरी नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही तो किस्सा माझा म्हणून सांगितला होता, हे आधीच कबूल करून टाकतो. पुढे अजून बरंच कबूल करायचंय.

मी मूळचा वैरागचा. बार्शी तालुक्यातलं, सोलापूर-बार्शी रस्त्यावरचं गाव. आता ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झालीय. इंजिनिअरिंग करून पुण्यात एका छोट्या कंपनीत लागलो. आमचं सॉफ्टवेअर पतसंस्थांसाठी असतं: ठेवी, कर्ज, पिग्मी, किर्द, खतावणी. माझं काम कोड लिहिण्याचं, पण कंपनी छोटी असल्यामुळे फोनही घ्यावे लागतात. त्यातून मला 'तिकडची भाषा' येते, त्यामुळे सोलापूर आणि धाराशिवचे सगळे कॉल माझ्याकडे.

गमती होतात, नाही असं नाही. "स्क्रीनवर काय दिसतंय?" विचारलं की "धूळ" असं उत्तर मला खरंच मिळालंय. "पासवर्ड टाकला की नुसते ठिपके पडतात, तुमचं मशीन माझा पासवर्ड घेईनाच" ही तक्रार महिन्यातून एकदा असतेच. "राइट क्लिक करा" म्हटल्यावर "राइटच करतोय की ओ, राँग कशाला करू" असं एका मॅनेजरांनी सुनावलं होतं. स्क्रीनशॉट मागितला की मॉनिटरचा मोबाइलवर काढलेला फोटो येतो, त्यात फ्लॅशचा गोळा आणि काचेत फोटो काढणाऱ्याचं प्रतिबिंब. या फोटोंसाठी ऑफिसात वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. दुपारच्या चहाला तो वाचला जातो आणि मनसोक्त हसलं जातं.

हसण्याला माझी हरकत नाही. दिवसाला तीस फोन घेणारा माणूस हसला नाही तर वेडा होईल. हरकत आहे ती हसून झाल्यावर आम्ही जे करतो त्याला. प्रत्येक फोनचं एक तिकीट बनतं. ते बंद करताना कारण निवडावं लागतं आणि त्या यादीत एक पर्याय आहे: 'यू.ई.', म्हणजे युजर एरर, म्हणजे वापरणाऱ्याची चूक. हा पर्याय निवडला की पुढे कुणी काही विचारत नाही. 'बग' निवडला तर कोण दुरुस्त करणार, कधी करणार, कुणाच्या कोडमध्ये आहे, अशी मीटिंग लागते. संध्याकाळी साडेसहाला, बस पकडायची असताना, तुम्ही काय निवडाल? मी शेकडो वेळा यू.ई. निवडलंय. चहाच्या वेळचा विनोद आणि हा पर्याय यांचं नातं सख्खं आहे. विनोदाने आमची खात्री पटवलेलीच असते की पलीकडचा माणूस येडा आहे. मग चूक शोधायला कोण जाईल?

एक उदाहरण देतो, ज्यात माझंच हसं आहे. एका शाखेतल्या कारकून बाई खातेदारांच्या जन्मतारखा 'मनाने' टाकतात असं आमच्या लक्षात आलं. एकाच आडनावाची माणसं, कुणी २ जूनला जन्मलेला, कुणी ३ जूनला, कुणी ४ जूनला. ग्रुपवर धमाल उडाली. "बाईंनी जूनमध्ये वाढदिवस सप्ताह लावलाय." मी तो फोटो फॉरवर्ड केला आणि मग माझ्या लक्षात आलं की हसण्याचा हक्क नेमका मला नाही. आपल्याकडच्या जुन्या माणसांना विचारा, निम्म्यांची जन्मतारीख १ जून असते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी वयाच्या अंदाजाने तीच लिहिलेली असते. माझ्या आजोबांची १ जून, त्यांच्या भावाचीही १ जून. आणि मी सॉफ्टवेअरमध्ये नियम लिहिला होता की नाव, आडनाव आणि जन्मतारीख सारखी असेल तर तो एकच माणूस समजावा आणि दुसरं खातं उघडू देऊ नये. एका गावात एकाच नावाची, एकाच आडनावाची, १ जूनला जन्मलेली चार म्हातारी माणसं असू शकतात, हे वैरागमध्ये वाढलेल्या मला सुचलं नाही, कारण तो नियम मी एका इंग्रजी पुस्तकातल्या उदाहरणावरून घेतला होता. बाईंसमोर खातेदार काठी टेकून उभा होता आणि मशीन म्हणत होतं की हा माणूस आधीच आहे. त्यांनी त्याचा वाढदिवस एका दिवसाने पुढे ढकलला आणि पासबुक हातात दिलं. यात अडाणी कोण होतं?

दुसरं उदाहरण मराठीचं. आम्ही मोठ्या अभिमानाने सॉफ्टवेअर मराठीत केलं. इंग्रजी संदेशांची यादी कुणाकडून तरी भाषांतर करून आणली. 'इनव्हॅलिड'ला शब्द आला 'अवैध'. आता पतसंस्थेत 'अवैध' या शब्दाचा अर्थ काय होतो हे कुठल्याही संचालकाला विचारा. वैध-अवैध लेखापरीक्षणाच्या अहवालात असतं, सहनिबंधकांच्या नोटिशीत असतं. एका शाखेत नवीन लागलेल्या मुलाने रकमेच्या रकान्यात स्वल्पविराम टाकला आणि स्क्रीनवर लाल अक्षरांत आलं: 'अवैध व्यवहार'. पोराने भीतीने कॉम्प्युटरचं बटणच बंद केलं. फोनवर त्याचा आवाज थरथरत होता. "सर, मी काहीच अवैध केलं नाही." आम्ही पुन्हा हसलो. 'रक्कम फक्त आकड्यांत लिहा, स्वल्पविराम नको' एवढं मराठी आमच्यापैकी कुणालाही लिहिता आलं असतं. त्यासाठी फक्त खुर्चीतल्या माणसाशी बोलतोय असं मानावं लागलं असतं.

आता जे सांगायला बसलोय ते. वैरागपासून तासाभराच्या अंतरावर एक पतसंस्था आहे. तिथले पन्नाशी ओलांडलेले कारकून, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही म्हणतो. पिग्मी एजंट दिवसभर दुकानं फिरून वसुली करतात, संध्याकाळी त्यांच्या मशीनमधला हिशेब शाखेत उतरवून घ्यायचा, हे अण्णांचं काम. एका फेब्रुवारीत त्यांचा फोन आला. सॉफ्टवेअर जेवढी रक्कम दाखवत होतं त्यापेक्षा हातातली रोकड ६,४५० रुपयांनी कमी होती. मी विचारलं, "अण्णा, मधे लाइट गेली होती का?" "गेली होती की." "मग पुन्हा आल्यावर बटण दोनदा दाबलं असणार तुम्ही." ते म्हणाले, "एकदाच दाबलंय बगा, सर. पक्कं आठवतंय." मी म्हणालो, "होतं असं गडबडीत." तिकीट बंद केलं. कारण: यू.ई. शेरा: 'वापरकर्त्याने बटण दोनदा दाबले.' सगळं मिळून सहा मिनिटं लागली असतील.

रोकड कमी पडली तर ती ज्याच्या ताब्यात होती त्याने भरायची, ही तिथली रीत. माझा शेरा मॅनेजरांना मिळाला होता. अण्णांच्या पगारातून दोन हप्त्यांत पैसे कापले गेले.

दिवाळीला मी गावी आलो होतो. मॅनेजरांचा निरोप आला की प्रिंटर नीट पासबुक छापत नाही, येऊन जा. गेलो. प्रिंटर होईपर्यंत अण्णांनी कपाटातून एक वही काढली. सॉफ्टवेअर आल्यापासून ते रोजची पिग्मी हातानेही लिहीत होते. या दुहेरी नोंदीवरून आम्ही किती हसलो असू! 'कॉम्प्युटरवर विश्वास नाही, मग घेतला कशाला,' हा आमचा ठरलेला डायलॉग. त्यांनी फेब्रुवारीतलं पान उघडून समोर ठेवलं आणि म्हणाले, "सर, एवढं एकदा बगा. मला कळत नाही यातलं, पण सतरा पावत्या दोनदा हायत." मी लॅपटॉप उघडला, सर्व्हरवरचा त्या दिवसाचा लॉग काढला. सतरा पावत्या दोनदा होत्या. दुसऱ्या खेपेच्या सगळ्या सतराच्या सतरा एकाच सेकंदाला आल्या होत्या आणि त्या सेकंदाला शाखेतून कुणी बटण दाबल्याची नोंदच नव्हती. मशीनला सर्व्हरचं 'मिळालं' हे उत्तर लाइट गेल्यामुळे पोचलं नव्हतं, म्हणून लाइट आल्यावर त्याने तोच गठ्ठा आपणहून परत पाठवला आणि आमच्या सर्व्हरने तो नवा समजून पुन्हा जमा केला. पावत्यांना नंबर होते. आलेला नंबर आधी आलाय का, एवढं तपासणारी एक ओळ कुणीतरी लिहायची राहिली होती. खातेदारांच्या जन्मतारखा तपासणारी ओळ आठवणीने लिहिणारे आम्ही, ही विसरलो होतो.

मला सगळ्यात लागलं ते पुढचं. मी त्यांना सांगितलं, "अण्णा, चूक आमची होती." ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मला तर आता वाटायलाच लागलं होतं, आपलाच हात जड आहे. दोनदा दाबलं असेल." आठ महिन्यांत त्यांना स्वतःच्या आठवणीपेक्षा माझा शेरा खरा वाटायला लागला होता. आणि मी तो शेरा लॉग न उघडता लिहिला होता. लॉग तेव्हाही तिथेच होता, बघायला पाच मिनिटं पुरली असती.

हे एका शाखेपुरतं आहे, साडेसहा हजारांपुरतं आहे, असं वाटत असेल तर ब्रिटनचं उदाहरण बघा. तिथल्या पोस्ट ऑफिसने १९९९पासून शाखाशाखांत 'होरायझन' नावाचं फुजित्सू कंपनीचं हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवलं. शाखा चालवणाऱ्या सबपोस्टमास्तरांच्या हिशेबात तूट दिसायला लागली. करारानुसार तूट त्यांनीच भरायची. हेल्पलाइनला फोन केला तर अनेकांना सांगण्यात आलं की अशी अडचण फक्त तुम्हालाच येतेय. घरं गहाण पडली. पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत चोरी आणि खोटे हिशेब या आरोपांखाली ९००हून जास्त लोक दोषी ठरले. त्यांत सीमा मिश्रा होत्या. २०१० साली गरोदर असताना त्यांना तुरुंगात जावं लागलं, आणि ती शिक्षा रद्द व्हायला २०२१ उजाडलं. काहींनी जीव दिला. ॲलन बेट्स या वेल्समधल्या सबपोस्टमास्तरने वर्षानुवर्षं माणसं जोडत नेली, ५५५ जण एकत्र कोर्टात गेले आणि डिसेंबर २०१९मध्ये न्यायालयाने सांगितलं की सॉफ्टवेअरमध्ये खरोखरच दोष होते. शेवटी २०२४ साली खास कायदा करून संसदेला शिक्षा रद्द कराव्या लागल्या. त्या हेल्पलाइनवर बसलेली पोरं काही खुनशी नसणार. माझ्यासारखीच असणार. त्यांचंही चहाला हसणं होत असेल, त्यांनाही साडेसहाची बस असेल.

मुळात 'वापरणाऱ्याची चूक' हे निदान किती पोकळ असतं हे जगाला ऐंशी वर्षांपूर्वीच कळलंय. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ विमानं सुखरूप उतरल्यानंतर वैमानिक फ्लॅप्स मिटण्याऐवजी चाकंच आत घ्यायचे आणि विमान पोटावर आपटायचं. अहवालात लिहिलं जायचं: वैमानिकाची चूक. ॲल्फॉन्स चॅपनिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये जाऊन बघितलं तर दोन्हीचे स्विच शेजारीशेजारी आणि एकसारखे. त्याने एकाच्या टोकाला छोटं रबरी चाक बसवलं, दुसऱ्याला पाचरीसारखा आकार दिला, आणि हा गोंधळ थांबला. वैमानिकांना अक्कल शिकवायचा कोर्स त्यासाठी काढावा लागला नाही.

आमच्याकडे मात्र कोर्सवर फार भिस्त. हा लेख वाचून माझे मित्र म्हणणार: "अरे, लोकांनी शिकायला नको का? एमएस-सीआयटी येऊन वीस वर्षं होऊन गेली." झाली. सरकारी नोकरीला ते सर्टिफिकेट लागतं, लाखो लोकांनी ते घेतलं, अण्णांकडेही आहे. त्यात वर्ड आणि एक्सेल शिकवतात. आमच्या सर्व्हरने पावत्या दुप्पट केल्या तर काय करायचं, हे कुठल्या कोर्समध्ये शिकवतात? आणि शिकण्याचाच विषय असेल तर माझंही सांगतो. नोकरीला लागलो तेव्हा मला 'तेरीज' म्हणजे काय हे माहीत नव्हतं. पतसंस्थेचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माणसाला तेरीज माहीत नाही! ती मला अण्णांनीच शिकवली, कागदावर, दोन चहांत. "तेरीज जुळली नाही तर माणूस घरी कसा जातो, सर?" हा त्यांचा प्रश्न होता आणि तो खरोखरचा होता. माझ्या अडाणीपणाचा त्यांनी ग्रुप काढला नाही. विनोद उताराच्या दिशेनेच वाहतो. पुण्याहून बार्शीकडे येतो, इंजिनिअरकडून कारकुनाकडे येतो; उलटा जाताना मी पाहिलेला नाही.

याच्या उलट टोकाला जाऊन 'भोळेभाबडे गावकरी' म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही. चार जण एकच लॉगिन वापरतात, पासवर्ड मॉनिटरवर चिकटवतात, आलेला ओटीपी मोठ्याने वाचून दाखवतात. हे धोक्याचं आहे आणि ते तसं तोंडावर सांगितलंच पाहिजे. पण सांगण्याआधी विचारलंही पाहिजे की लॉगिन एक का? कारण आम्ही प्रत्येक लॉगिनचे पैसे घेतो. पासवर्ड चिकटवलेला का? कारण आम्ही तो दर तीन महिन्यांनी बदलायला लावतो, तोही इंग्रजी मोठं अक्षर, लहान अक्षर, आकडा आणि एक चिन्ह घालून, ज्या माणसाचं उभं आयुष्य मराठी लिहिण्यात गेलंय त्याला.

मदत करण्याच्या आमच्या पद्धतीचंही बोललं पाहिजे. "द्या इकडे" म्हणून आम्ही माऊस हिसकावतो, चार सेकंदांत सहा क्लिक करतो आणि "झालं, बघा" म्हणतो. बघणाऱ्याला एकच गोष्ट दिसते: हे आपल्याला जमणारं नाही. वैरागला घरी गेलो की हेच गल्लीत चालतं. २०२१पासून शेतकऱ्याने आपलं पीक ई-पीक पाहणीच्या ॲपवर स्वतः नोंदवायचं आहे. प्रत्यक्षात ते घरातलं कॉलेजला जाणारं पोरगं नोंदवतं. २०२४मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरताना बायका ओट्यावर बसलेल्या असायच्या आणि ओटीपी शेतात नवऱ्याच्या खिशात वाजायचा. "तू सॉफ्टवेअरला आहेस ना, एवढं करून दे की." मीही करून देतो, माझ्याच मोबाइलवरून, भराभर. सगळा डिजिटल कारभार अशा पोरांच्या खांद्यावर उभा आहे. ज्याच्या घरात असं पोरगं नाही, त्याने दुकानात जाऊन पैसे मोजायचे. शिकवायला लागणारा अर्धा तास आम्ही कुणालाच देत नाही आणि मग ते शिकले नाहीत म्हणून हसतो.

आणि हे वाढत जाणार आहे. जून २०२२मध्ये केंद्र सरकारने देशभरातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे आपल्या गावोगावच्या विकास सोसायट्यांच्या, संगणकीकरणाला मंजुरी दिली. खर्च २,५१६ कोटी. माझा त्याला विरोध नाही, त्यावर माझ्यासारख्यांचं पोट आहे. पण ६३,००० खुर्च्यांत कुणीतरी अण्णा बसलेले असणार आणि फोनच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी मी.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. एक, 'युजर एरर' हा पर्याय तिकिटाच्या यादीतून काढून टाका. चूक वापरणाऱ्याची असेल तरी 'अशी चूक का करता आली' हे लिहिणं सक्तीचं करा. दोन, पैशांची तूट असेल तर लॉग उघडून पाहिल्याशिवाय कुणाच्या पगाराला हात लावायचा नाही, आणि तो लॉग मागितल्यावर त्या माणसाला मिळाला पाहिजे. तीन, कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाने वर्षातून दोन दिवस शाखेत बसावं, हात मांडीवर ठेवून, माऊसला न शिवता. चार, स्क्रीनवरचे मराठी संदेश कारकुनाला मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय पाठवू नयेत. पाच, चूक आमची निघाली तर ती लेखी कबूल करावी.

पाचवं कलम सगळ्यात अवघड आहे. दिवाळीनंतर आम्ही ती राहिलेली ओळ लिहिली, सगळ्या शाखांना नवी आवृत्ती गेली. सोबतच्या टिपणात लिहिलं होतं, 'किरकोळ सुधारणा'. मी वर विचारलं की त्या पतसंस्थेला पत्र देऊ या का. उत्तर आलं, लेखी नको, बाकीच्या शाखाही मागचे हिशेब काढून बसतील. बसू देत की! त्यांची तूट कुणी भरली हे आम्हाला कधी तरी कळायला हवं. मी अण्णांचं तिकीट शोधून काढलं आणि कारण बदलायला गेलो. बंद झालेलं तिकीट बदलता येत नाही.

मग मी एका शनिवारी ऑफिसच्या मेलवरून, कुणाला न विचारता, त्या मॅनेजरांना आठ ओळी लिहिल्या. सतरा पावत्यांचे नंबर, वेळ, आणि शेवटी: बटण एकदाच दाबलं गेलं होतं. सोमवारी मला केबिनमध्ये बोलावून समज देण्यात आली. अण्णांचे पैसे अजून मिळालेले नाहीत. विषय संचालकांच्या बैठकीत ठेवलाय असं कळलं. त्यांनी मात्र त्या मेलची प्रिंट काढून वहीच्या त्या पानाला टाचली आहे. वही ते अजून लिहितात. फोन करून मी त्यांना सांगितलंय, थांबवू नका.